सुईचा फरक



होकायंत्राची सुई नेहमी उत्तर दिशा दाखवते, असे मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षे शिकवले. पुस्तकात तसेच छापलेले होते. माझ्या गुरुजींनीही मला तसेच शिकवले होते. पण ते पुरते खरे नाही. नोकरीतून मोकळा झाल्यावर निवांत वाचायला वेळ मिळाला, तेव्हा ही गोष्ट मला नीट कळली. ती आज तुम्हाला सांगतो.

होकायंत्र म्हणजे एक गोल डबी. तिला वर काच असते. डबीत एका टोकदार खिळीवर लोखंडाची हलकी सुई तोललेली असते. त्या सुईला चुंबकाचा गुण दिलेला असतो. डबी कशीही फिरवा, सुई हलते, डुलते आणि शेवटी एकाच दिशेला येऊन थांबते. समुद्रावर जाणाऱ्याला याचा केवढा आधार! ढग आले, तारे दिसेनासे झाले, चहूकडे पाणीच पाणी, तरी सुई आपली जागा सोडत नाही.

आमच्या शाळेत असे एक होकायंत्र होते. एकदा वर्गात मी ते टेबलावर ठेवले आणि ऐटीत म्हणालो, "पाहा रे, ही उत्तर." सुई भलतीकडेच वळली होती. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, आपली उत्तर आज ओढ्याकडं गेली काय?" सगळा वर्ग हसला. मी डबी उचलली, झटकली, पुन्हा ठेवली. सुई पुन्हा ओढ्याकडेच. मग ध्यानात आले, की टेबल लोखंडी आहे! डबी नेऊन मातीच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा सुई ताळ्यावर आली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता खरी उत्तर कोणती, हे आधी ठरवू. त्याला यंत्र लागत नाही. सारवलेल्या सपाट अंगणात हातभर लांबीची सरळ काठी रोवा. ओळंबा धरून ती उभी आहे ना, हे पाहा. काठीला दोरी बांधून तिच्याभोवती जमिनीवर एक गोल काढा. गोल एवढा घ्या, की सकाळी काठीच्या सावलीचे टोक गोलाच्या बाहेर पडेल. ऊन चढेल तशी सावली आखडत येईल. तिचे टोक गोलाला टेकले, की तिथे एक खुंटी ठोका. दुपार कलल्यावर सावली पुन्हा लांबू लागेल. तिचे टोक दुसऱ्या बाजूने गोलाला टेकले, की तिथे दुसरी खुंटी. या दोन खुंट्यांना दोरी ताणा. ती झाली पूर्व-पश्चिम. दोरीचा मध्य काढून तिथून काठीपर्यंत रेघ ओढा. ती झाली दक्षिणोत्तर. ही रीत आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत दिलेली आहे. त्या काठीला शंकू म्हणतात.

या रेघेवर होकायंत्र ठेवले, तर सुई अगदी रेघेवर येईल का? पुष्कळ ठिकाणी ती येत नाही. थोडी डावीकडे नाहीतर उजवीकडे राहते. रेघ आणि सुई यांच्यात जे अंतर राहते, त्याला शास्त्राच्या पुस्तकात 'दिक्पात' म्हणतात. आपण त्याला सुईचा फरक म्हणू.

हा फरक अंशांत मोजतात. एका गोलाचे ३६० सारखे भाग केले, तर एक भाग म्हणजे एक अंश. घड्याळाच्या तबकडीवर मिनिटांच्या बारीक खुणा असतात ना? एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत सहा अंश होतात. आपल्या मुंबईच्या आसपास सुईचा फरक सध्या एक अंशाहूनही कमी आहे. डोळ्यांना तो दिसतच नाही. म्हणून "सुई उत्तर दाखवते" हे वाक्य आपल्याकडे खपून जाते, आणि माझ्यासारखे मास्तरही निभावून जातात!

पण सगळीकडे असे नाही. कुठे फरक दहा अंश, कुठे वीस, कुठे त्याहून अधिक. कुठे पूर्वेला, कुठे पश्चिमेला. आणि समुद्रात याचा हिशेब फार महाग पडतो. समजा, सुई दहा अंश चुकीची आहे आणि नाखव्याला ते ठाऊक नाही. तिच्यावर भरवसा ठेवून तो शंभर कोस सरळ गेला. तर जिथे पोचायचे तिथून तो सुमारे सतरा कोस बाजूला जाऊन पडतो. बंदराच्या ऐवजी खडक समोर यायला एवढे अंतर पुष्कळ झाले.

युरोपातले लोक मोठे समुद्र ओलांडू लागले, तेव्हा हा घोळ त्यांना जागोजाग भेटू लागला. कोलंबस १४९२ साली स्पेनहून पश्चिमेला निघाला. १३ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याला दिसले, की सुई ध्रुवताऱ्याच्या पश्चिमेला सरकली आहे. चार दिवसांनी जहाजावरच्या जाणत्यांनाही ते दिसले. ते घाबरले. सुईनेच दगा दिला तर माघारी घरी कसे जायचे? कोलंबसाने त्यांना पहाटे पुन्हा पाहायला सांगितले. पहाटे सुई आणि तारा जुळल्यासारखे दिसले. तो म्हणाला, सुई हलत नाही, ताराच हलतो. लोकांची समजूत पटली आणि जहाजे पुढे गेली.

मौज अशी, की कोलंबसाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपण ज्याला अढळ ध्रुव म्हणतो, तो तारा आकाशाच्या नेमक्या टोकावर नाही. त्या काळी तो टोकापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. रात्रभरात तो टोकाभोवती लहानसा फेरा घालतो. आज तो टोकाच्या पुष्कळ जवळ आला आहे, तरी बरोबर टोकावर नाही. पण कोलंबसाच्या वेळी सुईही फिरली होती, हेही तितकेच खरे.

पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येत. आफ्रिकेच्या अगदी दक्षिणेच्या भूशिराला त्यांनी 'अगुल्यास' असे नाव दिले. त्याचा अर्थ 'सुया'. कारण १५००च्या सुमारास त्या जागी सुई बरोबर खऱ्या उत्तरेला राहत असे. मग पुष्कळांनी सोपा तर्क बांधला. या भूशिरापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला जितके दूर जावे, तितका सुईचा फरक सारख्या हिशेबाने वाढत जाईल, असे ते म्हणत. तसे खरोखर असते, तर खलाशांचे मोठे कोडे सुटले असते.

ते कोडे काय? भर समुद्रात आपण किती उत्तरेला आहोत, हे ध्रुवाच्या किंवा सूर्याच्या उंचीवरून कळते. जितके उत्तरेला जाल तितका ध्रुव वर चढतो. पण पूर्वेला किती आलो, पश्चिमेला किती गेलो, हे आकाशाकडे पाहून सहज कळत नाही. त्या काळी ते अंदाजाने धरत. अंदाज चुकला की जहाज गेले. सुईच्या फरकावरून ते कळले, तर काय हवे होते!

हा तर्क एका माणसाने प्रत्यक्ष मोजून पाहिला. त्याचे नाव जुआंव द कास्त्रो. हा पोर्तुगीज सरदार १५३८ साली लिस्बनहून गोव्याला निघाला. वाटेत तो सूर्याच्या सावलीवरून खरी उत्तर काढी. सकाळी एक सावली, दुपारनंतर तेवढ्याच उंचीच्या सूर्याची दुसरी सावली, आणि दोहोंचा मध्य. म्हणजे आपल्या अंगणातल्या काठीचीच रीत. फक्त हलत्या जहाजावर, पितळी उपकरणाने. मग त्या उत्तरेपासून सुई किती बाजूला आहे, ते तो वहीत लिही. १५३८ ते १५४१ या प्रवासांत त्याने अशी चाळीसाहून अधिक मोजमापे केली, आणि सोपा तर्क टिकत नाही असे त्याला दिसून आले. फरक हिशेबाने वाढत नाही. तो कुठे वाढतो, कुठे घटतो.

एकदा मोजमापांचा मेळ बसेना. तेव्हा कास्त्रोने शोध केला, तर होकायंत्राजवळ जहाजाच्या लोखंडी तोफा होत्या! माझ्या लोखंडी टेबलाची गोष्ट आठवली ना? मला पोराने हसून शिकवले, त्याला तोफेने शिकवले.

पुढची गोष्ट तर आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरची आहे. गोव्याहून दीवला जाताना कास्त्रो काठाकाठाने गेला. बंदरांची चित्रे काढीत, खाड्यांची खोली लिहीत गेला. २२ डिसेंबर १५३८ रोजी वसईजवळ त्याला दिसले, की तिथल्या काही खडकांजवळ नेल्यावर सुई वेगळाच फरक दाखवते. तिथे तोफा नव्हत्या. मग हे काय? आपल्या काळ्या पाषाणात लोखंडाचे बारीक चुंबकी कण असतात. कुठे कुठे ते सुईला ओढतात. ज्या दगडाचे आपण पाटे-वरवंटे आणि जाती केली, त्या दगडाचा हा गुण एका परक्या खलाशाने चारशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवला. पुढे कास्त्रो गोव्यात पोर्तुगीजांचा सर्वांत मोठा अधिकारी झाला, आणि १५४८ साली तिथेच वारला. सत्ताधीश म्हणून तो आपला मित्र नव्हे. पण मोजमाप त्याने प्रामाणिकपणे केले, हे म्हटले पाहिजे.

आता आणखी एक पेच. सुईचा फरक जागोजाग वेगळा, एवढेच असते, तर एकदा सगळीकडे मोजून ठेवले की झाले. लंडन शहराजवळ १५८० साली तो सव्वाअकरा अंश पूर्वेला होता. १६३४ साली हेन्री जेलिब्रँड नावाच्या अध्यापकाने त्याच भागात मोजला, तर चारच अंश भरला. आधीच्या माणसाने चूक केली असेल, असे आपण म्हणू. पण आधीचा माणूस चांगला जाणता होता, आणि मध्यंतरी १६२२ साली कोणी मोजला होता, तेव्हा तो सहा अंशांच्या आसपास होता. अकरा, सहा, चार. म्हणजे एकाच जागी राहूनही सुई वर्षावर्षाला सरकते! अशा चालीने पुढे लंडनचा फरक शून्यावर आला, मग पश्चिमेकडे वाढत १८२०च्या सुमारास चोवीस अंशांवर गेला, आणि पुन्हा मागे फिरला. २०१९ साली लंडनच्या ग्रिनिच वेधशाळेपाशी सुई खऱ्या उत्तरेला आली. जवळजवळ ३६० वर्षांनी.

असे का होते? पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली पुस्तक लिहून सांगितले होते. पण तिच्या पोटात काय आहे, ते त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आज आपल्याला कळले आहे, की जमिनीखाली सुमारे २९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा थर आहे. कढईतला रस खदखदतो तसा तो सावकाश फिरत असतो. त्यातूनच पृथ्वीचे चुंबकत्व उपजते. रस फिरतो, म्हणून चुंबकत्व बदलते, म्हणून सुई सरकते.

आता मुख्य माणसाकडे येतो. एडमंड हॅले. शेपटीचा एक मोठा तारा शहात्तर वर्षांच्या सुमाराने परत येतो, तो धूमकेतू याच्या नावाने ओळखतात. १९८६ साली तो येऊन गेला, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. हा हॅले १६५६ साली जन्मला. साबण विकणाऱ्याचा मुलगा, पण मोठा गणिती. त्याने ठरवले, की तर्क पुरे झाले, आता समुद्रावर जाऊन जागोजाग सुईचा फरक मोजायचा. इंग्लंडच्या सरकारने त्याला 'पॅरामोर' नावाचे छोटे जहाज बांधून दिले. लांबी अवघी ५२ फूट. तीन जुंपलेल्या बैलगाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर होईल एवढीच. आणि जहाजाचा कप्तान कोण? खुद्द हॅले! तो आरमारातला नव्हता, पुस्तकात डोके घालणारा माणूस होता.

म्हणूनच पहिल्या सफरीत बखेडा झाला. १६९८च्या अखेरीस जहाज निघाले. हाताखालचा आरमारी अधिकारी हॅलेचा हुकूम मानीना. त्या अधिकाऱ्याने पूर्वी याच पूर्व-पश्चिमेच्या कोड्यावर एक पुस्तक लिहिले होते आणि विद्वानांनी ते नापसंत केले होते. त्या विद्वानांत हॅलेही होता. तो राग त्याने भर समुद्रात काढला. सगळ्या माणसांदेखत तो हॅलेला बोलला, की तुला जहाज सोड, साधी होडीही हाकता यायची नाही. हॅलेने त्याला कोठडीत बसायला लावले, जहाज स्वतः हाकले आणि सुखरूप इंग्लंडला आणले. कबूल केले पाहिजे, मला हे वाचून बरे वाटले.

१६९९च्या सप्टेंबरात तो पुन्हा निघाला. या वेळी त्या अधिकाऱ्याला बरोबर घेतले नाही. निघून फार दिवस झाले नव्हते, तोच जहाजावरचे एक पोर तोल जाऊन समुद्रात पडले. जहाज फिरवले, पण ते हाती लागले नाही. पुढे जन्मभर त्याची आठवण निघाली की हॅलेच्या डोळ्यांत पाणी येई, असे सांगतात.

अटलांटिक महासागरात तो दक्षिणेला गेला, आणखी दक्षिणेला गेला. थंडी वाढली, धुके दाटले. १७०० सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला समोर पांढरी, माथ्याला सपाट अशी बेटे दिसली. जवळ गेल्यावर कळले, की ती बेटे नव्हेत, बर्फाचे तरंगते डोंगर आहेत! दुसऱ्या दिवशी धुक्यात जहाज अशा एका डोंगरावर आदळता आदळता वाचले. तेव्हा त्यांनी तोंड उत्तरेला वळवले. परतीत ब्राझिलच्या बंदरात त्याला चाचा समजून अटकेत टाकले. तिथून सुटला. पुढे उत्तर अमेरिकेजवळच्या न्यूफाउंडलंड बेटापाशी तिथल्या कोळ्यांनी त्याला चाचाच समजून गोळ्या झाडल्या. कोणीही विचारावे, बाबा, एवढा जीव धोक्यात घालून तू करतोस काय? तर तो सकाळी सूर्य उगवताना पाही, संध्याकाळी मावळताना पाही, आणि वहीत दोन आकडे लिही.

ती रीत सोपी आहे. समजा, सूर्य सुईच्या उत्तर टोकाच्या उजवीकडे ८० अंशांवर उगवला, आणि डावीकडे १०० अंशांवर मावळला. सुई खरी असती, तर दोन्ही आकडे सारखे आले असते. दोन्ही मिळून १८०, निम्मे ९०. म्हणजे सुई दहा अंश पूर्वेला कललेली आहे. झाला हिशेब. आभाळ स्वच्छ असले तर रोज एक आकडा मिळतो. आभाळ भरले असेल तर तो दिवस वाया.

१७०० साली तो घरी आला आणि १७०१ साली त्याने अटलांटिक महासागराचा नकाशा छापला. तोवरचे नकाशे किनारे दाखवत, बंदरे दाखवत. हॅलेने भर पाण्यावर वळणावळणाच्या रेषा काढल्या. प्रत्येक रेषेवर आकडा. पाच आकड्याच्या रेषेवर कुठेही जा, सुईचा फरक पाच अंश. दहाच्या रेषेवर कुठेही जा, दहा. जिथे फरक मुळीच नाही, ती रेषा जाड दुहेरी काढली. तिच्या एका बाजूला सुई पूर्वेला कलते, दुसऱ्या बाजूला पश्चिमेला. पाणी एकसारखे दिसते, त्यावर ना बांध ना शीव. या माणसाने त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या शिवा आखल्या. अशा रेषांचा हा छापलेला पहिला नकाशा. आज हवामानखाते समान उष्णतेच्या, समान पावसाच्या रेषा काढते, ती याच घराण्यातली पोरे-नातवंडे.

पुढच्या वर्षी त्याने साऱ्या जगाचा असा नकाशा काढला. हिंदी महासागरातल्या रेषा त्याने दुसऱ्या खलाशांच्या नोंदींवरून घेतल्या. पण पॅसिफिक महासागरातली जागा त्याने मोकळी ठेवली. तिथे भरवशाची मोजमापे झालेली नव्हती. ती मोकळी जागा मला नकाशातल्या साऱ्या रेषांइतकीच आवडते. आपल्याकडे पैमाशी न करता कागद भरणारे कमी आहेत का?

या नकाशाने पूर्व-पश्चिमेचे कोडे सुटले का? सगळीकडे नाही. जिथे रेषा उभ्या, म्हणजे दक्षिणोत्तर जातात, तिथे फरकावरून पूर्व-पश्चिमेचा अंदाज येई. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ खलाशी ही युक्ती वापरत. जिथे रेषा आडव्या जातात, तिथे ती उपयोगी नाही. पण होकायंत्र किती चुकते हे आधीच कळले, एवढाही लाभ थोडा नव्हता.

तो किती मोठा, हे पाहायचे तर पुढची हकिकत ऐका. हॅलेने त्याच सुमारास खलाशांसाठी एक इशारा छापला. त्यात लिहिले, की इंग्लंडच्या खाडीच्या तोंडाशी आता सुई साडेसात अंश पश्चिमेला कलते. खलाशी पूर्व समजून सुईप्रमाणे जातात, आणि कळत नकळत उत्तरेकडे चढतात. शिवाय नकाशांत तिथली सिली नावाची बेटे खरी आहेत त्याहून उत्तरेला दाखवली आहेत. म्हणजे जहाज वर चढणार, आणि बेटे वाटतात त्याहून खाली असणार. सांभाळा.

१७०७ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडचे आरमार त्याच वाटेने घरी येत होते. अनेक दिवस वादळ आणि ढग. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला. २२ तारखेच्या रात्री चार जहाजे सिलीच्या खडकांवर आदळून बुडाली. सेनापती सर क्लाउडेस्ली शोव्हेलही गेला. किती माणसे गेली याचे आकडे चौदाशेपासून दोन हजारांपर्यंत सांगतात. एकट्या सुईमुळे हे झाले असे नाही. वादळ होते, पूर्व-पश्चिमेचा अंदाज चुकला होता, नकाशे चुकीचे होते. पण नंतर आरमाराची होकायंत्रे तपासली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी धड कामाचीही नव्हती. आणि इशारा तर सहा वर्षे छापून पडला होता.

सुई सरकते, म्हणून असा नकाशा फार दिवस चालत नाही. हॅलेलाही हे ठाऊक होते. त्याच्या मागे दोघा इंग्रजांनी, विल्यम माउंटेन आणि जेम्स डॉडसन यांनी, तो नकाशा पुन्हा पुन्हा सुधारला. १७५६ सालच्या नकाशासाठी त्यांनी जहाजांच्या वह्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी चाळल्या. आजही हे काम थांबलेले नाही. साऱ्या जगाच्या चुंबकत्वाचा हिशेब दर पाच वर्षांनी नव्याने मांडतात. तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये होकायंत्र असेल. तो मोबाइल सुईचा फरक मिळवून खरी उत्तर दाखवतो, ती या हिशेबावरूनच.

यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून सुईची नोंद ठेवत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई बिघडते. कुलाब्यात बसून पृथ्वी मोजायची, तर मधेच ट्रामगाडी मोजली जाणार! म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजले, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता येतील, आणि मग कुलाब्याचे काम बंद केले. अलिबागच्या इमारतीला आपला काळा दगड लावला नाही. का, ते तुम्हीच सांगाल. वसईजवळ कास्त्रोला त्याच दगडाने चकवले होते. पोरबंदरचा चुंबकी नसलेला दगड निवडून आणून तिथे बांधकाम केले. तिथली नोंद आजवर चालू आहे.

आता शेवटची गोष्ट. जुन्या नकाशांच्या रेषा आज कोणत्याही जहाजाच्या कामाच्या नाहीत. पण शास्त्रज्ञांना त्या हव्या आहेत. पृथ्वीच्या पोटातला रस शंभर-दोनशे वर्षांत कसा फिरला, हे आज यंत्राने मोजता येणार नाही. ते दिवस गेले. त्या दिवसांचे आकडे कुठे सापडतील? जुन्या नकाशांत आणि खलाशांच्या वह्यांत. २००० साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी अशा हजारो जुन्या नोंदी जमवून १५९०पासूनचा चारशे वर्षांचा हिशेब मांडला. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या वह्याही होत्या. हीच जहाजे सुरतेला, मुंबईला येत. ती माल नेण्यासाठी येत आणि पुढे राज्यही नेले, ते आपण जाणतोच. पण त्या जहाजांवर कोणीतरी सकाळ-संध्याकाळ सूर्याकडे पाहून, खाली सुईकडे पाहून, त्या दिवसाचा फरक लिहून ठेवी. आकडा विचित्र आला तरी तो खोडून सोयीचा लिहीत नसे. त्या वह्या लंडनच्या ग्रंथालयात अजून आहेत. शाई पिवळी पडली आहे, पण आकडे वाचता येतात.